मुजाहमत, रोध, रेझिस्टन्स : ओहमच्या नियमाचा आपल्या भाषांतला प्रवास

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. चाकूरला उर्दू माध्यमातून दहावी झालेली, विज्ञानात वर्गात पहिली आलेली. पुढं लातूरला अकरावी सायन्सला प्रवेश घेतला होता. अम्मीसोबत आली, चहा झाला आणि मान खाली घालून म्हणाली, “सर, मैं सायन्स छोड़ रई हूँ. आर्ट्सकू जारी.”

कारण विचारलं. बराच वेळ बोलेना. मग सांगितलं. फिजिक्सच्या तासाला सरांनी तिला उभं केलं आणि इंग्रजीत एक प्रश्न विचारला. एका कंडक्टरच्या दोन टोकांमधलं पोटेन्शिअल डिफरन्स बारा व्होल्ट, त्यातून तीन अँपिअर करंट जातो, तर रेझिस्टन्स किती? ती गप्प उभी राहिली. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. सर म्हणाले, हे तर नववीचं आहे.

“आता था सर मेरेकू. सब आता था. खाली नामा नै मालूम थे.”

बारा भागिले तीन, उत्तर चार ओहम. हे गणित तिनं माझ्यासमोर फळ्यावर कितीतरी वेळा सोडवलं होतं. फक्त तिच्या डोक्यात ते ‘मुजाहमत’ या शब्दाखाली ठेवलेलं होतं आणि समोरून ‘रेझिस्टन्स’ आला. दार तेच होतं, पाटी बदलली होती.

त्या दिवशी तिची समजूत घातली. पण माझ्या मनातून तो प्रसंग गेला नाही. विजेचा हा साधा नियम आपल्या मराठवाड्यात कुठल्या कुठल्या भाषांतून आला, कुणासाठी आला आणि कुणाला बाहेर ठेवून आला, हे शोधायला मी तिथून लागलो. तो शोध इथं मांडतो आहे.

नियम काय सांगतो?

ज्यांचा शाळेशी संबंध सुटून वर्षं झाली, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. तारेतून वीज वाहते ती व्होल्टेजच्या दाबानं. किती वाहते, तो झाला करंट. तार त्या वाहण्याला जी आडकाठी करते, तो रेझिस्टन्स. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स मिळतो. व्होल्टेजला करंटनं गुणलं की पॉवर मिळते, म्हणजे दर सेकंदाला किती काम होतं किंवा किती उष्णता निघते ते. पहिलं उत्तर ओहममध्ये, दुसरं वॉटमध्ये. एवढंच.

घरातलं उदाहरण घेऊ. पाणी तापवायच्या हिटरवर २३० व्होल्ट, १००० वॉट असं लिहिलेलं असतं. १००० ला २३० नं भागा, करंट आला सुमारे ४.३५ अँपिअर. आता २३० ला ४.३५ नं भागा, कॉइलचा रेझिस्टन्स आला सुमारे ५३ ओहम. संध्याकाळी आपल्याकडं व्होल्टेज उतरतं. समजा ते १७० वर आलं. कॉइल तीच, रेझिस्टन्स जवळपास तोच. १७० ला ५३ नं भागलं की करंट ३.२ अँपिअर, आणि १७० ला ३.२ नं गुणलं की पॉवर सुमारे ५४५ वॉट. व्होल्टेज पावभर उतरलं, पण हिटरची ताकद जवळजवळ निम्म्यावर आली. बादली तापायला दुप्पट वेळ का लागतो, याचं उत्तर या दोन ओळींत आहे.

विहिरीवरच्या मोटारीची गोष्ट याच्या उलट असते आणि म्हणून ती घातक आहे. मोटारीला पाणी तर उपसायचंच असतं. व्होल्टेज उतरलं तरी तिच्यावरचा बोजा फारसा कमी होत नाही. मग ती जास्त करंट ओढते. वायंडिंगमध्ये निघणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट सव्वापट झाला तर उष्णता दीडपटीहून जास्त, नेमकी १.५६ पट. वायंडिंगवरचा इनॅमलचा थर जळतो, वास येतो आणि मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जाते. (चालू मोटारीच्या व्होल्टेजला करंटनं भागून वायंडिंगचा रेझिस्टन्स काढू नये, तिथं एसी करंटमुळं आणखी गोष्टी मधे येतात. तो मोटार बंद करून, वायर सोडवून मीटरवरच मोजावा.)

डीपीपासून विहीर लांब असेल तर वायरही आपला हिस्सा घेते. जाऊन-येऊन वायरचा रेझिस्टन्स २ ओहम असेल आणि १० अँपिअर करंट जात असेल, तर २० व्होल्ट वाटेतच संपतात आणि २०० वॉट नुसती वायर तापवण्यात जातात. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट असलेली तार घेतली की हे नुकसान निम्मं होतं. स्वस्तातली बारीक वायर महाग पडते ती अशी.

आमच्याकडचे वायरमन, रिवायंडिंगवाले हे सगळं हातानं जाणतात. त्यांच्यातले कितीतरी जण आपल्याच बिरादरीतले, शाळा अर्धवट सुटलेले. नियमाचं नाव त्यांना ठाऊक नसतं, नियम ठाऊक असतो.

कुलूपवाल्याचा मुलगा, शाळेतला मास्तर

हा नियम ज्यानं शोधला तो माणूस कुणी बडा प्राध्यापक नव्हता. गेओर्ग सिमोन ओहम, जन्म १७८९, जर्मनीतलं एर्लांगेन हे गाव. बाप कुलपं बनवणारा कारागीर. त्यानं स्वतःच वाचून गणित आत्मसात केलं आणि पोरांना शिकवलं. ओहम दहा वर्षांचा असताना आई वारली. पुढं १८१७ पासून तो कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागला. शाळेच्या प्रयोगशाळेत, तास संपल्यावर, त्यानं आपले प्रयोग केले. मी स्वतः शाळामास्तर असल्यानं मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

त्याहून जवळची वाटते ती त्याची चूक. १८२५ मध्ये ओहमनं पहिला निबंध छापला, त्यातलं सूत्र चुकीचं होतं. तो ज्या बॅटरीवर प्रयोग करत होता, तिचा जोर चालता चालता कमी व्हायचा, त्यामुळं आकडे भरवशाचे येत नव्हते. मग एका स्नेही शास्त्रज्ञानं सुचवलं की बॅटरी सोड, दोन धातूंचा जोड वापर. अशा जोडाचं एक टोक तापवलं आणि दुसरं थंड ठेवलं की त्यात वीज निर्माण होते, हे नुकतंच, १८२१ मध्ये, कळलेलं होतं. ओहमनं बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला. एक टोक उकळत्या पाण्याच्या भांड्यात, दुसरं बर्फात. दोन्हींचं तापमान ठरलेलं, म्हणून विजेचा दाबही स्थिर. मग एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या, सर्वांत आखूड २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. एकेक तार जोडायची आणि चुंबकसूची किती वळते ते पाहायचं. तार जितकी लांब तितका करंट कमी. आकडे सूत्रात बसले.

१८२७ मध्ये त्यानं हे सगळं पुस्तकरूपानं छापलं. स्वागत थंडच झालं. त्या काळच्या अनेक जर्मन विद्वानांना निसर्गाचं असं गणित मांडणं पटत नव्हतं. ओहमनं कोलोनची नोकरी सोडली, काही वर्षं तुटपुंज्या कमाईवर काढली. १८३३ मध्ये न्युरेम्बर्गला जागा मिळाली. अखेर १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स जूल या दारूभट्टीवाल्या घराण्यातल्या तरुणानं तारेतली उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असते, हे दाखवून दिलं. वर मोटारीचं गणित मांडलं ते त्याच्याच शोधावर. १८८१ मध्ये पॅरिसला विजेच्या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि रेझिस्टन्सच्या एककाला ओहमचं नाव पक्कं झालं. तो १८५४ मध्येच गेला होता.

आता या हकिकतीतला एक बारीक तपशील पाहा. ओहमनं आपलं पुस्तक लिहिलं ते जर्मनमध्ये. लंडननं त्याला पदक दिलं त्याच वर्षी, १८४१ मध्ये, त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. म्हणजे आज आपण ज्या भाषेला विज्ञानाची भाषा समजून मान तुकवतो, त्या इंग्रजीलाही ओहम कळायला तर्जुमाच लागला. रेझिस्टन्स हा शब्द ओहमचा नाही. तोही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेलेलाच आहे.

हैदराबादचा तर्जुमा

साधारण याच काळात, १८४० च्या आसपास, हैदराबादेत शम्सुल उमरा नवाब फखरुद्दीन खान या उमरावानं पाश्चात्त्य विज्ञानाच्या पुस्तिका उर्दूत करवून घेतल्या. स्वतःचा छापखाना घातला. यंत्रशास्त्र, खगोल, पाणी, हवा, प्रकाश आणि वीज अशा सहा विषयांच्या पुस्तिकांचा तो संच ‘सित्ता-ए-शम्सिया’ नावानं ओळखला जातो. आपल्याकडं याच सुमारास, १८४० मध्ये, बाळशास्त्री जांभेकर मुंबईत ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून मराठीत भूगोल, विज्ञान आणत होते. दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. नवं ज्ञान आपल्या लोकांपर्यंत न्यायचं तर आपल्या भाषेतून न्यावं लागेल.

या कामाला मोठं रूप आलं ते उस्मानिया विद्यापीठामुळं. १९१७ मध्ये निजामानं विद्यापीठाला मंजुरी दिली, १९१८ मध्ये फर्मान निघालं, १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. सगळं उच्च शिक्षण उर्दूत, इंग्रजी फक्त एक सक्तीचा विषय. इंग्रजांच्या काळात एका हिंदुस्थानी भाषेत विद्यापीठ चालवायचं हे धाडस होतं. पुस्तकं कुठून आणायची? त्यासाठी १९१७ मध्येच ‘दारुल तर्जुमा’ हे अनुवाद खातं उघडलं. पुढच्या तीसेक वर्षांत इथून शेकडो पुस्तकं निघाली. इतिहास, कायदा, गणित, भौतिकशास्त्र, रसायन. पुढं डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगही उर्दूतून शिकवलं गेलं.

या खात्याची सुरुवातीची धुरा होती मौलवी अब्दुल हक यांच्याकडं. आणि इथं मराठवाड्याचा संबंध येतो. अब्दुल हक शिक्षण खात्याच्या नोकरीत बरीच वर्षं औरंगाबादला होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार त्यांनी तिथूनच चालवला. ‘उर्दू’ हे त्यांचं नामांकित त्रैमासिक १९२१ मध्ये औरंगाबादेतून निघालं. १९२८ मध्ये अंजुमननं ‘साइंस’ हे खास विज्ञानाचं त्रैमासिकही सुरू केलं. आज औरंगाबाद म्हटलं की लोकांना वली आणि सिराज हे शायर आठवतात. उर्दूला विज्ञान बोलायला शिकवणाऱ्यांचा एक मोठा अड्डाही याच शहरात होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

शब्द कसे घडले?

दारुल तर्जुमात सर्वांत जास्त वाद झाले ते शब्दांवरून. एक गट म्हणायचा, शास्त्रीय शब्द अरबीतून घ्या, तिथं धातूंची परंपरा आहे. दुसऱ्या बाजूला पानिपतचे मौलवी वहीदुद्दीन सलीम होते. त्यांचं ‘वजा-ए-इस्तिलाहात’ हे पुस्तक १९२१ मध्ये आलं. इस्तिलाहात म्हणजे पारिभाषिक शब्द, वजा म्हणजे घडवणं. त्यांचं म्हणणं असं की उर्दूचा सांगाडा अरबी नाही, तो हिंदुस्थानी आहे. तेव्हा शब्द बनवायचे ते उर्दूच्या चालीनं, हिंदी आणि फारसीचे पुढचे-मागचे प्रत्यय लावून, जिभेवर रुळतील असे.

विजेचेच शब्द घ्या. इंग्रजीतल्या इलेक्ट्रिसिटीचं मूळ ग्रीक भाषेतल्या एका खड्याच्या नावात आहे. तो खडा घासला की काडीकचरा ओढून घेतो. अरबांनी विजेला ‘कहरुबा’ म्हटलं, त्याच खड्याच्या फारसी नावावरून. कहरुबा म्हणजे काडी ओढणारा. उर्दूनं मात्र आभाळाकडं पाहिलं आणि ‘बर्क’ म्हटलं. मराठीनंही तेच केलं, ‘वीज’ म्हटलं. दोन शेजारी भाषांनी, एकमेकींना न विचारता, ढगातल्या लखलखाटाचंच नाव तारेतल्या ताकदीला दिलं.

करंटला उर्दूनं ‘रौ’ म्हटलं, म्हणजे वाहणं. मराठीनं ‘धारा’. रेझिस्टन्सला उर्दूनं ‘मुजाहमत’ म्हटलं. त्याच्या अरबी मुळाचा अर्थ गर्दीतली रेटारेटी. आपण रोज म्हणतो ती ‘जहमत’ त्याच मुळातली. मराठीत आला ‘रोध’, विरोध आणि अवरोधाचा सख्खा भाऊ. तारेच्या आत इलेक्ट्रॉनना अणूंच्या गर्दीतून वाट काढावी लागते, हे चित्र ‘मुजाहमत’ शब्दात आपोआप दिसतं. ‘रोध’ शब्दात कुणीतरी वाट अडवून उभं असल्याचं दिसतं. वर्गात मी दोन्ही सांगतो. पोरांना दोन बाजूंनी एकच वस्तू दिसते.

आणि पॉवर? उर्दूत ‘ताकत’. मराठी पुस्तकात ‘शक्ती’. पण चाकूरच्या बाजारात कुठलाही मराठी शेतकरी मोटारीची ‘ताकद’च विचारतो. शब्दांनी सीमा कधीच ओलांडली आहे, माणसांचंच काय ते अडतं.

नाण्याची दुसरी बाजू

उस्मानियाचं कौतुक आपल्या लोकांत खूप होतं, आणि ते व्हावंच. पण मी मराठीही शिकवतो, म्हणून मला दुसरी बाजू गाळून पुढं जाता येत नाही.

हैदराबाद संस्थानात उर्दू ही मातृभाषा असलेले लोक दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. तेलुगू बोलणारे निम्म्याजवळ, मराठी बोलणारे साधारण पावभर. आमचे अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात होते, १९५६ पर्यंत. तिथल्या शेतकऱ्याच्या मुलाच्या घरी मराठी, बाजारात मराठी किंवा कानडी. आणि वरच्या वर्गात गेला की गणित, विज्ञान सगळं उर्दूत. उस्मानियानं इंग्रजीच्या जागी देशी भाषा आणली, हे खरं. पण ती एकच आणली. ‘आपल्या भाषेत शिकणं हा हक्क आहे’ हे तत्त्व ज्या दरबारानं जगाला दाखवलं, त्यानंच ते मराठी, तेलुगू आणि कानडी मुलांना नाकारलं. मराठीसाठी लोकांना स्वतःच्या हिमतीवर शाळा काढाव्या लागल्या. १९२१ मधली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्यांतलीच, जिथं पुढं स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले.

त्या काळातला एखादा मराठी मुलगा वर्गात ‘मुजाहमत’ शब्द ऐकून गप्प उभा राहिला असेल आणि मागच्या बाकावरून कुणी हसलं असेल, तर ते हसणारं पोर कदाचित आपल्या घरातलं होतं. माझी विद्यार्थिनी लातूरच्या वर्गात उभी होती तेव्हा मला त्या मुलाची आठवण झाली. त्याचं नाव इतिहासात नाही. पण तो होता.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अॅक्शननंतर चित्र पालटलं. उस्मानियात उर्दूच्या जागी माध्यम म्हणून इंग्रजी आली. तीस वर्षांत जमवलेली पुस्तकं हळूहळू कपाटात गेली. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. उर्दू हटली, पण तिच्या जागी मराठी किंवा तेलुगू बसली नाही, इंग्रजी बसली. भाषांच्या भांडणात दोन्ही शेजारी हरले आणि लांबची तिसरी जिंकली. आमच्या चाकूरचे शिवराज पाटील, जे पुढं लोकसभेचे सभापती आणि देशाचे गृहमंत्री झाले, त्यांनी विज्ञानाची पदवी उस्मानियातूनच घेतली. जन्म १९३५ चा, म्हणजे त्यांची पिढी या उलथापालथीच्या मधोमध वाढली.

मराठीला तिचा हक्क मिळाला तो नंतर. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९६० मध्ये महाराष्ट्र, त्याच वर्षी राज्य सरकारचं भाषा संचालनालय आणि पुढं त्याचे परिभाषा कोश, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद, १९६७ मध्ये बालभारती. विभवांतर, रोधकता, सुवाहक असे शब्द मराठी मुलांच्या वहीत आले. या राज्यानं आणखी एक भलं काम केलं. बालभारती तीच पुस्तकं उर्दूतही काढते. आज माझ्या टेबलावर विज्ञानाची दोन पुस्तकं शेजारी असतात. तोच धडा, त्याच आकृत्या, तीच उदाहरणं. एक डावीकडून उघडतं, एक उजवीकडून. उर्दू ओळ उजवीकडून डावीकडं चालते आणि मधेच सूत्र आलं की ते डावीकडून उजवीकडं चालतं. पोरांना त्यात काही विचित्र वाटत नाही. डोळा आपोआप वळतो.

चूक कुणाची?

पुन्हा माझ्या विद्यार्थिनीकडं येतो. तिच्या लातूरच्या शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण मी त्या रात्री नववीचं उर्दू पुस्तक काढून पाहिलं. ‘मुजाहमत’ शब्दापुढं कंसात इंग्रजी शब्द छापलेला होता. पुस्तकानं आपलं काम केलं होतं. मी केलं नव्हतं. मला वाटायचं, पोरांना विषय समजला की झालं, इंग्रजी नावं पुढं आपोआप येतील. उर्दूच्या प्रेमापोटी मी कंस ओलांडून पुढं जात होतो. आणि मराठी शब्द तर मी विज्ञानाच्या तासाला कधी उच्चारलाच नव्हता, जणू ‘रोध’ हा फक्त शेजारच्या शाळेचा शब्द आहे.

आपल्यात या प्रश्नावर दोन टोकं आहेत. काही पालक म्हणतात, उर्दू माध्यम बंद करा, पोरं मागं पडतात. काही बुजुर्ग म्हणतात, उर्दू सोडली तर तहजीब गेली. माझा अनुभव दोघांनाही पूर्ण साथ देत नाही. त्या मुलीला नियम कळला तो उर्दूमुळंच, घरात बोलतो त्या जबानीच्या जवळच्या भाषेत ऐकल्यामुळं. कळलेलं तिच्याकडून कुणी हिरावून घेतलं नव्हतं. कमी पडला तो पूल, आणि तो बांधायचं काम मास्तरचं होतं. ओहमला जर्मनमधून इंग्रजीत न्यायला एका अनुवादकानं कष्ट घेतले. सलीमसाहेबांनी एकेका शब्दावर वाद घातले. मराठी कोशकारांनी वर्षं खर्ची घातली. मला फक्त एक कंस वाचायचा होता.

तेव्हापासून माझ्या वर्गात फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तीन रकाने असतात. उर्दू, मराठी, इंग्रजी. बर्की रौ, विद्युतधारा, करंट. मुजाहमत, रोध, रेझिस्टन्स. ताकत, शक्ती, पॉवर. पोरं तिन्ही मोठ्यानं म्हणतात. मग मी मल्टिमीटर काढतो, एक सेल, एक छोटा रेझिस्टर. व्होल्टेज मोजा, करंट मोजा, भागा. उत्तर सगळ्यांचं सारखं येतं. ज्यानं मनात उर्दूत भागलं त्याचं, ज्यानं मराठीत भागलं त्याचंही. गेल्या वर्षी शेजारच्या मराठी शाळेतली दोन मुलं मीटर बघायला आली होती. आमच्या पोरांनी त्यांना ‘जहमत’ची गंमत सांगितली, त्यांनी आमच्यांना ‘विरोध’ आणि ‘अवरोध’ची. अर्धा तास वर्गात गोंधळ होता. मी तो थांबवला नाही.

ती मुलगी आर्ट्सला गेली नाही. सुटीचे उरलेले दिवस ती रोज संध्याकाळी यायची. आम्ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून शब्दांची एक वही केली. लातूरला परत जाताना ती वही तिनं सोबत नेली आणि जाताना अम्मीला म्हणाली, “अम्मी, नवा कुछ नैच था. सब पुराना था, खाली कपड़े बदलके आया था.”

ती आता बारावी झाली आहे. वही मात्र तिनं परत आणून दिली. सध्या ती नववीतल्या दुसऱ्या एका मुलीकडं आहे. तिच्या अब्बांचं रिवायंडिंगचं दुकान आहे. परवा ती सांगत होती की तिनं अब्बांना नियमाचं नाव सांगितलं. अब्बा हसले आणि म्हणाले, नाम आज मालूम हुआ, काम तो बीस सालसे कररूं.